प्रौढांसाठीचा एक अभ्यासवर्ग, सोलापूर

कला, व्यक्तिमत्त्व विकास आणि समाजभान या विषयांवर शहरात प्रौढांसाठी चालणाऱ्या संध्याकाळच्या वर्गाला मी यंदा प्रवेश घेतला. त्यातील कलेचा भाग अतिशय उत्तम आहे. सोलापुरी चादरीवरची नक्षी आधी आलेख कागदावर चौकटी भरून काढतात, त्यावरून जॅकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी उमटवणाऱ्या यंत्रणेच्या, पुठ्ठ्यांना छिद्रे पाडतात आणि त्या छिद्रांप्रमाणे मागावर ताण्याचे (उभे) धागे उचलले जातात, हे शिक्षकांनी आमच्याकडून चौकटी रंगवून घेत समजावले. आयुष्यभर मागावर काम केलेल्या एका आजोबांनी मोराच्या मानेतील चुकलेली चौकट नुसत्या नजरेने दाखवली, तेव्हा सारा वर्ग त्यांच्याभोवती जमला.

समाजभानाच्या तासांत इंग्रज सरकारने सोलापुरात लावलेला १९३० चा मार्शल लॉ (लष्करी अंमल) आणि त्या काळातील खटल्यात १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन यांच्याविषयी मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्या घरांतील माणसे एकत्र बसून बोलली, याचे मोल मला फार वाटते.

व्यक्तिमत्त्व विकासाचे तास मात्र पाठ केलेल्या भाषणांपलीकडे गेले नाहीत. शुल्क माफक आहे. विडी वळणाऱ्या भगिनींना संध्याकाळी घर सोडून येणे अवघड जाते, म्हणून दुपारची एक तुकडी अवश्य सुरू करावी, अशी संयोजकांना मनापासून विनंती आहे.