कॉलेजसाठी पुण्यात आलात? ढोल-ताशा पथकाबद्दल माझा अनुभव

जून-जुलै आला की हॉस्टेलवरच्या नव्या मुली विचारू लागतात, ‘ताई, पथकात नाव घालू का?’ प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा इथे एकदाच सविस्तर लिहिते. मी मूळची लातूरची, सदाशिव पेठेत राहते आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून नदीपात्रात सराव करणाऱ्या एका पथकात ढोल वाजवते. पाचपैकी साडेचार गुण. अर्धा का कापला, ते पुढे येईलच.

आधी वादनाबद्दल. सुरुवातीला कुणी ढोल हातात देत नाही. रांगेत उभं राहून तोंडाने बोल म्हणायचे आणि मांडीवर हाताने ताल धरायचा. उजव्या हाताने टिपरू, म्हणजे ढोलाची काठी, आणि डाव्या हाताने थाप, हे अंगात मुरलं की मग कमरेला ढोल. तो पोटावर लोंबकळला तर पाठ गेलीच समजा. कमरेच्या हाडावर घट्ट बसला पाहिजे, आणि तो तसा बांधून द्यायला नव्या प्रत्येक मुलीमागे एक जुनी ताई असते. बोटांना फोड येतात, फुटतात, त्यावर चिकटपट्टी लावून पुन्हा उभं राहायचं. ढोलाचं फायबरचं पान चामड्यासारखं पावसाने ढिलं पडत नाही, पण त्याचा आवाज कानाला फार टोचतो. खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो, नदीपात्रातला रस्ता बंद होतो, आणि त्या दिवशी सरावाला सुट्टी.

पण मी हे लिहितेय ते वादनासाठी नाही, तिथे भेटलेल्या बायकांसाठी.

माझी मावसबहीण अमेरिकेत शिकते. तिथे ‘सोरोरिटी’ असतात, म्हणजे कॉलेजातल्या मुलींच्या सदस्य-संघटना; त्यांना ‘घर’ही म्हणतात. त्यांतली सर्वांत जुनी अल्फा डेल्टा पाय, 1851 साली जॉर्जियातल्या मेकन इथे सुरू झालेली. प्रवेशासाठी काही दिवस फेऱ्या चालतात, मुलगी एकेका घरात जाऊन गप्पा मारते, मग मुलींची पसंती आणि घरांची पसंती जुळवून शेवटी ‘बिड’, म्हणजे सदस्य होण्याचं आमंत्रण, येते. पुढे सदस्य म्हणून नियमित शुल्क भरायचं. बहिणीला प्रवेश मिळाला, मैत्रिणीही छान मिळाल्या, पण तिच्याच वर्गातली एक मुलगी फेऱ्यांमधून गळली आणि रात्रभर रडली. हे ऐकलं तेव्हा मला आमच्या पथकाची किंमत कळली. तुझे कपडे कसे, इंग्रजी कसं, वडील काय करतात, असं काही मला कुणी विचारलं नाही. सरावाला वेळेवर ये, एवढीच अट. माझ्या रांगेत डावीकडे एका बँकेतल्या मॅनेजर ताई होत्या आणि उजवीकडे दांडेकर पुलाजवळ राहणारी, सकाळी पोळ्या लाटायला जाणारी मुलगी. टिपऱ्याचा ताल चुकला की दोघींनाही सारखंच ओरडून सांगितलं जायचं.

दुसऱ्या वर्षी मला डेंग्यू झाला. आई लातूरहून निघून पोचेपर्यंत पथकातल्या मुलींनी पाळ्या लावल्या होत्या. एक रक्ताचा रिपोर्ट आणायची, एक मऊ भात घेऊन यायची, एक रात्री उशाशी बसायची. त्यातल्या दोघींशी तोवर माझं धड बोलणंही झालं नव्हतं. आईने त्या सगळ्यांना दिवाळीत शेंगदाण्याच्या चटणीचे डबे पाठवले. आता ती फोन करते तेव्हा आधी त्यांची चौकशी करते, मग माझी.

मुलींच्या सोयीचं म्हणाल तर पथक निवडताना नेमकं हेच बघा. विसर्जनाच्या दिवशी मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून लक्ष्मी रोडने अलका चौकापर्यंत जायला किती तास लागतील ते कुणीच सांगू शकत नाही. कमरेला ढोल, अंगावर सदरा, डोक्याला फेटा, आणि स्वच्छतागृह कुठे? आमच्या पथकाच्या ताया गणपतीआधीच रस्त्यावरच्या घरांत आणि दुकानांत जाऊन विचारून ठेवतात. एका जुन्या वाड्यातल्या काकू दरवर्षी आमच्यासाठी दार उघडं ठेवतात, वर लिंबूसरबतही देतात. पाळी असेल तर कुणाकडे बोलायचं, पॅड कुणाच्या पिशवीत आहेत, हे प्रत्येकीला माहीत असतं. रात्री एकही मुलगी एकटी परतत नाही. दुचाकीवरून दारापर्यंत सोडतात, खोलीत पोचल्याचा मेसेज आला की यादीतल्या नावावर खूण होते, आणि शेवटच्या नावावर खूण होईपर्यंत पथकप्रमुख जागे. हॉस्टेलच्या गेटची वेळ हा आणखी एक प्रश्न. पथकाने रेक्टर मॅडमना सरावाच्या वेळा आणि दोन तायांचे नंबर लेखी दिले, तेव्हा परवानगी मिळाली.

हे सगळीकडे असेल असं समजू नका. माझ्या मैत्रिणीने आधी दुसऱ्या एका पथकात पैसे भरले होते. तिथे मुलींना पुढे उभं करायचे ते फोटोसाठी, आणि मिरवणूक संपली की ज्याने-त्याने आपलं बघावं. ती वर्षभरात आमच्याकडे आली.

आता तो कापलेला अर्धा गुण. आमच्याकडेही ताशा अजून मुलींच्या गळ्यात सहज पडत नाही. अख्खं पथक ताशाच्या इशाऱ्यावर चालतं, त्यामुळे ताशा म्हणजे नेतृत्व. ‘मनगटात वेग लागतो’ हे कारण मी ऐकत आले आहे. वेग सरावाने येतो, आणि सराव करायला ताशा हातात द्यावा लागतो. गेल्या वर्षी दोघींना दिला. यंदा आणखी मुली ताशा मागणार आहेत, मीही.

कानांबद्दल सगळ्यांनीच, पथकप्रमुखांनीसुद्धा, गंभीर व्हायला हवं. 85 डेसिबलच्या वर तासन्‌तास राहिलं की श्रवणशक्तीला धोका असतो, आणि ताशाच्या शेजारी उभं राहिलं की आवाज त्याच्याही वर जातो. कापूस पुरत नाही, इअरप्लग घ्या. 2024 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पुण्यातल्या पथकांना 30 जणांची मर्यादा घातली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने त्या अटीला स्थगिती दिली. आम्हाला आनंद झाला, मी पेढेही वाटले. पण ज्यांच्या खिडकीखाली आम्ही वाजवतो त्यांच्या घरात म्हातारी माणसं आणि तान्ही बाळं आहेत, हे त्या आनंदातही खरंच होतं. आमचं पथक दवाखान्यासमोर वादन थांबवून पुढे जातं. तुमचं थांबतं का, हे नाव नोंदवण्याआधी विचारा.

मंडळांकडून मिळणाऱ्या सुपारीच्या पैशांचा हिशेब सगळ्यांसमोर वाचला जातो का, हेही विचारा. आमच्याकडे गणपतीनंतरच्या बैठकीत वाचतात.

अभ्यासाचं म्हणाल तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये संध्याकाळ जाते, ती जाणारच. अंतर्गत परीक्षा नेमकी तेव्हाच असते, म्हणून सकाळी लवकर उठायची सवय लावा. आमच्यातल्या इंजिनिअरिंगच्या मुली सरावाआधी तिथेच कठड्यावर वह्या उघडून बसतात, आणि वरच्या वर्गातल्या ताया शिकवतात.

पहिल्या दिवशी येताना सुती कुर्ता, बंद बूट, पाण्याची मोठी बाटली आणि चिकटपट्टी आणा. अंगठ्या, बांगड्या खोलीवर ठेवा. पोटभर खाऊन या, पण लगेच नको, तासभर आधी.