आतले झाकण की बाहेरचे? प्रेशर कुकरच्या घडणीचा तुलनात्मक आढावा

नवा प्रेशर कुकर घेताना तो किती लिटरचा आणि ॲल्युमिनियमचा की स्टीलचा, एवढेच बहुधा विचारले जाते. झाकण आतून बसते की बाहेरून, हा प्रश्न मागे पडतो. वस्तूच्या घडणीच्या दृष्टीने खरा फरक मात्र तिथेच आहे, कारण एकाच धोक्याचा बंदोबस्त ही दोन झाकणे अगदी वेगळ्या रीतीने करतात.

घरगुती कुकरमध्ये हवेच्या दाबापेक्षा सुमारे 1 किलो प्रति चौरस सेंटिमीटर इतका जादा दाब तयार होतो, त्यामुळे पाणी सुमारे 120 अंश सेल्सिअसला उकळते. तोंडाचा व्यास 18 सेंटिमीटर धरला, तर झाकणावर आतून येणारा जोर अडीचशे किलोच्या घरात जातो. आतल्या झाकणाला हाच जोर काठाखाली घट्ट दाबून धरतो; ते काढायचे तर आधी खाली ढकलावे लागते, आणि पुरेशी वाफ कोंडलेली असेतो ते कोणाच्याच हाताला जमत नाही. दाब दहाव्या हिश्शावर उतरला तरी पंचवीस किलोंचा अडसर उरतोच. वस्तूंच्या रचनेचे अभ्यासक डोनाल्ड नॉर्मन यांनी 1988 मध्ये रोजच्या वापरातील वस्तूंची चिकित्सा करताना, चुकीची कृती घडूच न देणाऱ्या रचनेचे जे महत्त्व सांगितले, त्याचा याहून चोख नमुना आपल्या स्वयंपाकघरात क्वचितच सापडेल.

बाहेरच्या झाकणाला तोच जोर उडवू पाहतो आणि कडेच्या खाचा त्याला अडवून धरतात. दाब पूर्ण असताना घर्षणामुळे ते सहसा फिरत नाही; पण थोडीच वाफ उरलेली असताना घाईने हिसका दिला तर फिरू शकते, आणि खरी जोखीम याच वेळी असते. म्हणजे इथे सुरक्षितता आकारात नसून रबर, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि वापरणाऱ्याची सबुरी यांत विभागलेली आहे. काही कुकरना दाब असेतो झाकण अडवून ठेवणारी कळ असते. ती नसेल तर मी तो कुकर घेणार नाही.

तरीही बाहेरचे झाकण घरोघरी टिकून आहे ते डब्यांमुळे. खाली वरणाचा, वर भाताचा डबा लावायचा तर रुंद, सरळ तोंड सोयीचे पडते. आतल्या झाकणाच्या कुकरचा काठ आत वळलेला असल्याने डबे अरुंद घ्यावे लागतात आणि त्या काठाखाली घासणेही जिकिरीचे होते. शिवाय बाहेरचे झाकण खुणा जुळवून फिरवले की दोन्ही मुठी एकावर एक येतात आणि ते बसल्याचे डोळ्यांना कळते. आतले झाकण तिरके करून आत सरकवावे लागते, त्यात नवख्याची हमखास फजिती होते.

कुकर घरात अनेकांच्या, विशेषतः शिकाऊ हातांत जाणार असेल, तर फजिती पत्करून आतले झाकण घ्यावे. रोज डबे लावणाऱ्या सरावलेल्या हातांना बाहेरचे झाकण चालेल. आयएसआय चिन्ह दोन्हींवर पाहावेच. आणि डबे आधीचेच वापरायचे असतील, तर सर्वांत मोठा डबा दुकानात नेऊन कुकरच्या तोंडातून उतरवून पाहावा.