डिस्कवाला कन्सोल की डिजिटल? दहा हजार वाचवण्याआधी हे बघा

कन्सोल घ्यायला गेलं की दुकानात पहिला प्रश्न येतो, डिस्कवाला देऊ (गेमची चकती आत घालायचा) की डिजिटल (चकतीला जागाच नाही, गेम नेटवरून डाउनलोड करायचे), आणि बहुतेक लोक किंमत बघून उत्तर देऊन मोकळे होतात. पीएस५ स्लिम (सोनीच्या प्लेस्टेशन ५ चं आटोपशीर मॉडेल) आपल्याकडे एप्रिल २०२४ मध्ये आला तेव्हा डिस्कवाला ५४,९९० ला आणि डिजिटल ४४,९९० ला होता, म्हणजे बरोबर दहा हजारांचा फरक. आज काय भाव चाललाय ते दुकानात विचारा, पण हिशोब त्या फरकाचाच करायचाय. माझं मत आधीच सांगून टाकतो: ज्याला स्टोरीवाले गेम आवडतात, जो एक संपवून दुसरा घेतो, त्याने डोळे झाकून डिस्कवाला घ्यावा, आणि जो बाराही महिने एकच फुटबॉलचा नाहीतर शूटिंगचा गेम ऑनलाइन खेळत बसतो त्याने ते दहा हजार खुशाल वाचवावेत. मधले जे आहेत त्यांच्यासाठी खालचं सगळं.

पैसे दिले, हातात काय आलं

कागदावर बघायला गेलं तर दोन्हीकडे तुम्हाला लायसन्सच मिळतं. डिस्क घेतली म्हणून आतला प्रोग्राम तुमच्या मालकीचा होत नाही, कंपनीच्या अटींमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की सॉफ्टवेअर वापरायला दिलंय, विकलेलं नाही. फरक एवढाच की डिस्क ही वस्तू तुमची असते, ती तुम्ही विकू शकता, मित्राला देऊ शकता, मावसभावाकडून आणून दिवाळीच्या सुट्टीत संपवू शकता आणि कंपनीला त्यातलं काहीही कळायची गरज नसते. डिजिटलमध्ये लायसन्स तुमच्या अकाउंटला चिकटलेलं असतं आणि ते अकाउंट दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. अकाउंट बॅन झालं तर लायब्ररीही गेली.

आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रामची प्रत आधी विकली गेली असली तरी पुढच्या विक्रीवर हक्क मूळ मालकाचाच, असा अर्थ निघेल असे शब्द होते, ते १९९९ च्या दुरुस्तीत काढले गेले. सेकंडहँड डिस्कचा बाजार तर लॅमिंग्टन रोडपासून ओएलएक्सपर्यंत उघड चालतोच. डिजिटलचं तसं काही नाही. युरोपातसुद्धा गाडी अडली, २०१२ मध्ये तिथल्या सर्वोच्च कोर्टाने ओरॅकलच्या केसमध्ये डाउनलोड केलेलं सॉफ्टवेअर पुन्हा विकता येतं म्हटलं, मग २०१९ मध्ये ई-बुकला ते लागू नाही म्हटलं, त्याच वर्षी पॅरिसच्या कोर्टाने स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेले गेम विकता यायला हवेत असा निकाल दिला आणि २०२२ मध्ये अपिलात तो उलटला. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून एक कायदा लागू झालाय, त्यात दुकानाने डिजिटल वस्तू विकताना तुम्हाला फक्त लायसन्स मिळतंय हे ठळकपणे सांगायला लागतं. सांगायला लागतं एवढंच, जास्तीचा हक्क त्याने काही मिळत नाही.

पैशाचं गणित

समजा नवा मोठा गेम ४,९९९ ला घेतला, महिन्याभरात संपवला आणि ३,५०० ला विकला, तर तो तुम्हाला दीड हजाराला पडला. असे तीन गेम विकले की ड्राइव्हचे, म्हणजे डिस्क घालायच्या भागाचे, दहा हजार वसूल, त्याच्या पुढे सगळा फायदाच. उलट्या बाजूने बघितलं तर जुनी डिस्क अर्ध्या किमतीत घेऊन जवळपास तेवढ्यालाच विकणारे महाभाग माझ्या ओळखीत आहेत, त्यांचं गेमिंग जवळजवळ फुकटात चाललंय.

डिजिटलवाले म्हणतात सेल असतात की, असतात, आणि जुने गेम कधीकधी इतके स्वस्त होतात की डिस्कला विचारतंय कोण. पण सेल कधी लावायचा हे एकच दुकान ठरवतं. २०१९ च्या एप्रिलपासून सोनीने बाहेरच्या दुकानांना पूर्ण गेमचे डाउनलोड कोड विकायला देणं बंद केलं, त्यामुळे डिजिटल पीएस५ घेतला की गेम घ्यायचं ठिकाण एकच उरतं, प्लेस्टेशन स्टोअर. डिस्कला दहा दुकानं आहेत, घासाघीस करता येते.

परताव्याचंही बघून ठेवा. प्लेस्टेशन स्टोअरवर १४ दिवसांत पैसे परत मिळतात, पण गेम डाउनलोड करायला सुरुवात केली नसेल तरच, म्हणजे गेम कसा आहे हे कळायच्या आत! एक्सबॉक्सवाले, म्हणजे मायक्रोसॉफ्ट, जरा सैल आहेत, १४ दिवसांत मागा आणि फार खेळलेला नसावा असं त्यांचं म्हणणं. डिस्क आवडली नाही तर विकून टाका, थोडं नुकसान होईल तेवढंच.

काढून घेतात का खरंच?

इथे लोक फार घाबरवतात, म्हणून जे झालंय तेवढंच सांगतो. पी.टी. नावाचा भुताचा डेमो ऑगस्ट २०१४ मध्ये आला, एप्रिल २०१५ मध्ये स्टोअरवरून काढला आणि ज्यांनी आधी घेतला होता त्यांनाही परत डाउनलोड करता येईना. डिसेंबर २०२३ मध्ये सोनीने सांगितलं की लोकांनी पैसे देऊन घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम लायब्ररीतून जाणार, आरडाओरडा झाल्यावर तो निर्णय मागे घेतला. सगळ्यात वाईट प्रकार युबिसॉफ्टच्या द क्रू या गाड्यांच्या गेमचा, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि पाठोपाठ लोकांच्या लायब्ररीतून लायसन्सही काढलं. एकट्याने खेळायचं म्हटलं तरी त्याला सर्व्हर लागायचा, त्यामुळे ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांच्याही हातात नुसती चकतीच राहिली. त्यावरून रॉस स्कॉट या यूट्यूबरने स्टॉप किलिंग गेम्स ही मोहीम काढली आणि युरोपात तिच्या अर्जावर २०२५ च्या जुलैत दहा लाखांवर सह्या झाल्या.

पण रोजचा अनुभव एवढा भयानक नाही हेही खरं. निन्टेन्डोने ३डीएस आणि वी यू या आपल्या जुन्या कन्सोलचं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ ला बंद केलं, मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० चं २९ जुलै २०२४ ला, दोन्हीकडे नवीन काही घेता येत नाही पण आधी घेतलेलं डाउनलोड करायची सोय ठेवली. किती वर्षं ठेवतील ते त्यांच्या मर्जीवर. पीएस३ आणि व्हिटा या जुन्या कन्सोलचं दुकान २०२१ मध्ये बंद करणार म्हणून सोनीने मार्चमध्ये जाहीर केलं आणि एप्रिलमध्ये माघार घेतली, म्हणजे ओरडलं की ऐकतात कधीकधी. शिवाय ॲलन वेकसारखे गेम २०१७ मध्ये गाण्यांचे हक्क संपले म्हणून दुकानातून गेले, दीडएक वर्षाने परत आले, पण मधल्या काळात ज्याला नव्याने घ्यायचा होता त्याला जुनी डिस्क शोधण्याशिवाय इलाज नव्हता.

डिस्कवाल्यांनीही फार नाचू नये

डिस्क म्हणजे गेम कायमचा आपला असं मानणाऱ्यांसाठी एक गार पाण्याचा तांब्या. २०२२ च्या कॉल ऑफ ड्यूटीच्या पीएस५ डिस्कवर जेमतेम ७० एमबीच्या आसपास डेटा निघाला, बाकीचा सगळा गेम नेटवरून. ती डिस्क फक्त किल्ली आहे, सर्व्हर गेला की ती किल्ली कुठल्याच कुलपाला लागणार नाही. कॉन्कॉर्ड हा सोनीचा स्वतःचा गेम २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला, दोन आठवड्यांत कारभार आटोपला, पैसे परत दिले हे चांगलं केलं, पण डिस्क आता शोकेसची शोभा. म्हणून डिस्क घेण्याआधी हा गेम नेटशिवाय डिस्कवरून पूर्ण चालतो का ते शोधा, डझ इट प्ले नावाचा एक ग्रुप हेच तपासायचं काम करतो, त्यांची यादी बघायची सवय लावून घ्या.

पीएस५ स्लिमचा ड्राइव्ह काढता-घालता येतो, पण तो कन्सोलला पहिल्यांदा जोडताना नेट लागतंच, सोनीच्या सर्व्हरने हो म्हटल्याशिवाय तो चालू होत नाही. एकदा झालं की झालं. या स्लिमचा एक फायदा मात्र मोठा आहे, आज डिजिटल घेतला तरी उद्या ड्राइव्ह मिळाला तर बसवता येतो, २०२० च्या पहिल्या डिजिटल मॉडेलला ही सोय नव्हती आणि एक्सबॉक्सच्या बिनडिस्कच्या सिरीज एसलाही नाही. सेकंडहँड घेणाऱ्यांनी मॉडेल नीट बघा, फोटोत दोन्ही पांढरेच दिसतात.

निन्टेन्डोने तर स्विच २ या कन्सोलसोबत (५ जून २०२५; त्यात डिस्कऐवजी छोटं कार्ड घालतात) गेम-की कार्ड आणलं, दिसायला कार्ड, आत गेम नाही, डाउनलोड करायचा आणि खेळताना कार्ड आत ठेवायचं. म्हणजे डाउनलोडचा ताप आणि कार्ड सांभाळायचा ताप, दोन्ही एकाच किमतीत. तरी ते विकता येतं हा एक गुण. स्ट्रीट फायटर ६ अशा कार्डावर आला, सायबरपंक २०७७ मात्र पूर्ण गेम ६४ जीबीच्या कार्डावर घालून दिला, म्हणजे मनात असलं तर जमतं. आपल्याकडे निन्टेन्डो अधिकृतपणे येत नाही, सगळा माल बाहेरचा, त्यामुळे जुना स्विच २ घेताना तो ऑनलाइन चालतो का ते समोर बसून बघा, पायरसीच्या कार्डांमुळे निन्टेन्डोने कन्सोलच बॅन केल्याची प्रकरणं झालीत आणि बॅन कन्सोलवर असतो, विकणारा निघून जातो आणि भोगायला तुम्ही राहता.

डिजिटल जिथे खरंच भारी पडतं

घरात दोन कन्सोल असतील, समजा एक पुण्यात आणि एक धाकट्या भावाच्या फ्लॅटवर बंगळुरात, तर डिजिटल एकदाच घ्या: एका कन्सोलवर तुमच्या अकाउंटचं शेअरिंग चालू ठेवायचं, दुसऱ्यावर तुम्ही स्वतः लॉगिन, आणि एकच गेम दोघं एकाच वेळी खेळू शकता. डिस्कमध्ये हे स्वप्नातही नाही. निन्टेन्डोची नवी व्हर्च्युअल कार्डं (म्हणजे डिजिटल घेतलेले गेमच) पण फॅमिली ग्रुपमध्ये दोन आठवड्यांसाठी उसनी देता येतात. डिस्क हरवत नाही, चरा पडत नाही, रात्री उठून बदलावी लागत नाही. आणि एक्सबॉक्सवर ३६० च्या काळात घेतलेले कितीतरी डिजिटल गेम आजच्या सिरीज एसवरही चालतात, हे मायक्रोसॉफ्टचं काम मी मानतो.

परदेशी राहणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा, प्लेस्टेशन अकाउंटचा देश एकदा ठरला की बदलता येत नाही. इथून अमेरिकेला गेलात तर लायब्ररी भारताच्या अकाउंटवर आणि कार्ड तिकडचं, मग गिफ्ट कार्डांची शोधाशोध. डिस्कला पीएस५ वर रिजनची, म्हणजे ती कुठल्या देशासाठी काढली याची, अडचण नाही, काकांनी दुबईहून आणलेली डिस्क इथे मस्त चालते, फक्त त्या गेमचं डीएलसी (वेगळा डाउनलोड करायचा जास्तीचा भाग) भारतीय स्टोअरवरून घेतलंत तर बहुतेक वेळा लागत नाही कारण डिस्क आणि डीएलसी एकाच रिजनचं लागतं. हे दुकानदार सांगेलच असं नाही.

गेम पास (एक्सबॉक्सचं) आणि पीएस प्लस (प्लेस्टेशनचं), म्हणजे वर्गणी भरून बरेच गेम खेळायचं सबस्क्रिप्शन, हा तिसरा मार्ग, ते सरळ भाड्याचं घर आहे, मालकीचा प्रश्नच नाही, म्हणून मला तो डिजिटल खरेदीपेक्षा प्रामाणिक वाटतो. हॉस्टेलवरच्या पोरांना, ज्यांना महिन्याला चार गेम चाखून बघायचेत, त्यांना परवडतो. पण भाडं वाढतं, २०२५ च्या ऑक्टोबरात गेम पास अल्टिमेट अमेरिकेत १९.९९ वरून थेट २९.९९ डॉलरवर गेला, आणि अर्धा खेळलेला गेम यादीतून निघून जातो तो वेगळाच.

शेवटी सेकंडहँडच्या नादातला एक सापळा. "प्रायमरी अकाउंट", "सेकंडरी अकाउंट" म्हणून, म्हणजे स्वतःच्या अकाउंटचं लॉगिन वापरायला देऊन, हजारभरात नवा गेम देणारे सोशल मीडियावर ढिगाने सापडतात, आणि "५० गेम्ससकट" म्हणून डिजिटल कन्सोल विकणारेही. ते गेम त्याच्या अकाउंटवर आहेत, कन्सोलमध्ये नाहीत. त्याने पासवर्ड बदलला की संपलं, आणि कंपनीच्या अटी मोडूनच व्यवहार झालेला असल्यामुळे तक्रार तरी कुठे करणार. जुना डिजिटल कन्सोल घ्यायचाच असेल तर रिकाम्या कन्सोलची किंमत द्या, विकणाऱ्याला समोर अकाउंट काढून फॅक्टरी रिसेट मारायला लावा, आणि गेम्सचे पैसे मागत असेल तर सरळ उठून या.