मेलाटोनिन ३ मिग्रॅ : पोस्ट-नाइट झोपेसाठी, पाचपैकी तीन

एमडी मेडिसिनच्या दुसऱ्या वर्षाला, निवासी डॉक्टर आहे. महिन्याला आठ-नऊ नाइट, म्हणजे रात्रपाळ्या, होतात. सकाळी पुढच्या डॉक्टरला पेशंटची ओव्हर देऊन हॉस्टेलवर यावं तर अंग मोडून आलेलं आणि डोळे टक्क उघडे. म्हणून ही गोळ्यांची पट्टी आणली. आता चौथी संपत आलीय.

खरं तर ही झोपेची गोळी नाहीच. अंधार पडला की पिनिअल ग्रंथी जे हॉर्मोन सोडते, तेच हे. 'रात्र झाली' एवढा निरोप देतं, बस. पहिला आठवडा मी गोळी घेऊन पूर्वेच्या खिडकीखाली, तोंडावर ऊन घेत मोबाइल चाळत पडायचे आणि गोळीला शिव्या घालायचे. फार्मॅकॉलॉजीत बरे मार्क होते माझे! मग आईची जाड सोलापुरी चादर खिडकीवर खिळ्यांनी ठोकली. त्या दिवशी थेट अडीचला जाग आली. स्वप्नं मात्र चित्रविचित्र पडतात. परवा व्हेंटिलेटरमधून उकडीचे मोदक निघत होते.

दुसरी चूक चहाची. कॅफिन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात. पहाटे पाचला सिस्टर म्हणणार, "चला मॅडम, कटिंग मारून येऊ," आणि तेच कटिंग दहाला माझ्याबरोबर गादीवर. आता शेवटचा चहा दोनला. चार ते सहा कसे काढायचे, त्यावर उपाय सापडलेला नाही.

रूममेट झोल्पिडेम घेते, ती खरी झोपेची गोळी. ती पाच मिनिटांत गुल व्हायची, हेवा वाटायचा. एकदा दुपारी वॉर्डातून फोन आला, तिने पेशंटचा डोस नीट सांगितला, आणि संध्याकाळी तिला फोन आल्याचंच आठवेना. डोस बरोबर होता, नशीब. गोळी शेड्यूल एच-१ या कडक नियमांच्या यादीतली, केमिस्टला विक्रीची नोंद ठेवावी लागते. पण चिठ्ठी लिहिणारे आम्हीच.

एका सीनिअरने जागं राहायला मोडाफिनिल दिली होती. रात्री दहाची गोळी दुसऱ्या दुपारपर्यंत निम्मी अंगात, मग मेलाटोनिन काय करणार? शिवाय मोडाफिनिलने गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो, हे देताना कुणी सांगत नाही. पुन्हा घेतली नाही.

सलग बारा तासांपेक्षा जास्त ड्युटी नको, असं निवासी डॉक्टरांसाठी केंद्र सरकारचं १९९२ चं पत्र आहे म्हणे. छत्तीस तासांच्या कॉल ड्युटीनंतर मात्र पट्टी उघडावीच लागत नाही. बूट न काढताच झोप लागते.