औषधी पाल्यासाठी सौर वाळवणी यंत्र: दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दसऱ्यानंतर आम्ही चोपडा तालुक्यातील आमच्या मळ्यात सौर वाळवणी यंत्र बसवले, त्याला आता दहा महिने झाले. आमच्याकडे दीड एकरात तुळस, अडुळसा, शतावरी आणि थोडी अश्वगंधा आहे, आणि बांधावरच्या कडुनिंबांवर गुळवेल चढलेली आहे. यंत्र घ्यायचे ठरले तेव्हा आईने विचारले होते, "खान्देशात उन्हाचा काय दुष्काळ पडला आहे, की त्याला पैसे मोजायचे?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर मला स्वतःला एप्रिल महिन्यात मिळाले, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

पूर्वी आम्ही सगळा माल घराच्या धाब्यावर किंवा खळ्यात ताडपत्रीवर वाळवत असू. नंदुरबारकडे मिरची उघड्या पथारीवर वाळते आणि तिचे फारसे बिघडत नाही, त्यामुळे पाल्यालाही तेच चालेल असे आम्ही धरून चाललो होतो. परंतु तुळशीचा पाला थेट उन्हात पडला की दुसऱ्या दिवशी काळपट होतो, आणि ज्या उडनशील तेलासाठी तुळस घेतली जाते ते तेल उन्हाबरोबर निघून जाते. दुसरी अडचण धुळीची. औषधी माल तपासताना आम्लात न विरघळणारी राख मोजतात. मालात माती आणि वाळू जितकी जास्त, तितका तो आकडा वाढतो. दोन वर्षांपूर्वी आमची तुळस याच कारणाने एका खरेदीदाराने परत पाठवली आणि जाण्यायेण्याचे भाडे आमच्या माथी बसले.

आमचे यंत्र अप्रत्यक्ष प्रकारचे आहे, म्हणजे ऊन मालावर पडत नाही. तीन चौरस मीटरचा काचेचा कलेक्टर (ऊन शोषून हवा तापवणारा भाग), त्यात काळा रंगवलेला पत्रा, त्याला जोडलेली बंद पेटी, पेटीत स्टीलच्या जाळीचे बारा ट्रे, आणि वर लहान सौर पॅनेलवर चालणारा पंखा. आपला भाग साधारण 21 अंश उत्तर अक्षांशावर येतो, म्हणून कलेक्टर दक्षिणेकडे तोंड करून जवळपास तेवढ्याच उताराने बसवला आहे. सगळा खर्च अठ्ठावन्न हजार रुपये आला.

वाळायला किती वेळ लागतो, हे सगळेच विचारतात. अडुळशाच्या ताज्या पाल्यात साधारण तीन चतुर्थांश पाणी असते. पंधरा किलो पाला दहा टक्के ओलाव्यापर्यंत आणायचा तर जवळजवळ अकरा किलो पाणी वाफ करून बाहेर काढावे लागते, आणि एक किलो पाणी उडवायला सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे एकूण सव्वासात युनिटच्या आसपास (वीजबिलातले एक युनिट म्हणजे 3600 किलोज्यूल). फेब्रुवारीत आमच्या कलेक्टरवर दिवसभरात सोळा-सतरा युनिट ऊन पडते आणि त्यातले पावभर किंवा थोडे अधिक प्रत्यक्ष कामी येते. म्हणून पंधरा किलो पाल्याला दीड ते दोन दिवस लागतात, आणि आमचा अनुभवही नेमका तोच आहे. एका दिवसात चाळीस किलो वाळेल असे सांगून कोणी यंत्र विकत असेल, तर हा हिशेब त्याच्यासमोर मांडावा.

आता एप्रिलची गोष्ट. बाहेर पारा 42 अंशांवर होता, मी सकाळी तुळस भरली आणि दुपारी ट्रे उघडला तेव्हा आतला तापमापक 62 अंश दाखवत होता. पाला कुरकुरीत झाला होता, पण चुरगाळून नाकाशी धरला तर वास जवळजवळ उरलाच नव्हता, फक्त वाळल्या गवताचा गंध आला. सुगंधी पाल्याला 40 ते 45 अंशांच्या वर जाऊ देऊ नये हे मला माहीत होते. परंतु यंत्र म्हणजे जास्त उष्णता अशी समजूत मनात इतकी रुजली होती, की यंत्राने पाला जाळला हे पटायला मला चार दिवस लागले. त्यानंतर मी कलेक्टरवर शेडनेट पसरले, आणि मे महिन्यात तर तो पूर्ण झाकून केवळ पंखा चालू ठेवला. तरीही पाला एका दिवसात वाळला, हिरवा राहिला आणि ट्रे ओढताच घरभर तुळशीचा वास पसरला, कारण आमच्याकडची मे महिन्यातली हवाच गरम आणि कोरडी असते. पाल्याला हवी असते ती फक्त सावली, धुळीपासून आडोसा आणि खेळती हवा. आईच्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे: आम्ही ऊन विकत घेतलेले नाही, आम्ही उन्हाला लगाम विकत घेतला आहे.

मुळ्यांची रीत वेगळी. शतावरीच्या मुळ्या थोड्या उकळून सोलायच्या, मधली दोरी एका झटक्यात ओढून काढायची आणि मग ट्रेवर एकेरी थर लावायचा. पहिल्या खेपेला आम्ही दोन थर लावले आणि खालच्या मुळ्यांवर पांढरी बुरशी धरली. आता 50 ते 55 अंशांवर चार दिवस ठेवतो. मूळ वाकवल्यावर लवले तर अजून ओलावा आहे, कट्कन तुटले तर माल पोत्यात भरण्याजोगा झाला, ही आमची कसोटी. दहा किलो ओल्या मुळ्यांतून जेमतेम सव्वा किलो माल निघतो, तेव्हा एक ट्रे बिघडला तरी जिवाला लागते. अश्वगंधेला मात्र काहीच त्रास झाला नाही.

तक्रारी दोन आहेत. कारागिराने दिलेला पंखा फार लहान होता. पेटीतली दमट हवा बाहेर पडेना आणि वरच्या ट्रेंखाली पाण्याचे थेंब लटकत असत. मी स्वखर्चाने दुसरा पंखा जोडला, तेव्हा कुठे वरचे आणि खालचे ट्रे सारखे वाळू लागले. दुसरी अडचण पावसाळ्याची. जुलैत सलग पाच दिवस ढग होते, त्यात अर्धवट वाळलेली आठ किलो गुळवेल आंबली. ऊन नसताना या यंत्राला दुसरा आधार नाही, हे विकत घेताना कोणी बोलत नाही. रात्री पेटीची झडपे बंद न केल्यास वाळलेला पाला दव ओढून पुन्हा नरम पडतो, हेही आम्ही डिसेंबरात नुकसान सोसून शिकलो.

पाच-सहा गुंठ्यांवर पाला घेणाऱ्याने हा खर्च एकट्याने करू नये. दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून करावा आणि कापणीचे दिवस वाटून घ्यावेत. आमच्यापुरते सांगायचे तर या दहा महिन्यांत एकही पोते परत आले नाही. कलेक्टरची काच दर आठवड्याला पुसावी लागते, ते काम धाकटा भाऊ करतो. पाऊस ओसरल्यावर पेटीखाली काड्या-कुड्यांवर चालणारी, धूर आत न सोडणारी गरम हवेची नळी बसवून घेणार आहे, म्हणजे पुढच्या श्रावणात गुळवेल आंबणार नाही.