अस्तर लावलेलं चामडी होल्स्टर : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

छाटणीची कात्री कमरेला अडकवायला मी आतापर्यंत दोन होल्स्टर हाताने शिवली. पहिलं अडीच महिन्यांत उसवलं. दुसरं गेले नऊ महिने जवळजवळ रोज पट्ट्यावर आहे. दोन्हींचं बाहेरचं चामडं एकाच तुकड्यातलं, ३ मिमी जाडीचं. दोराही त्याच रिळाचा. बदलल्या त्या दोनच गोष्टी : आतलं अस्तर आणि शिवणीतली एक पट्टी.

पहिल्याला स्वेडचं, म्हणजे तंतुमय, लवदार पृष्ठभागाच्या मऊ चामड्याचं अस्तर होतं. हाताला इतकं मऊ लागायचं की पात्याला यापेक्षा चांगलं काही नसेल असं वाटलं. महिन्याभरात पात्यावर बारीक समांतर रेघा दिसायला लागल्या. पुढे शिवण गेली तेव्हा होल्स्टर पूर्ण उसवून आत बोट फिरवलं, तर बोटाला वाळू लागली. स्वेडच्या तंतूंमध्ये मातीचे कण रुतून बसतात आणि झटकून निघत नाहीत. म्हणजे कात्री आत घालताना, बाहेर काढताना मी ती रोज पॉलिशपेपरवरून ओढत होतो. त्यात दवाची ओल आणि फांद्यांचा चीकही तिथेच मुरायचा. पितळी रिव्हेटभोवती हिरवट मेणासारखा थर धरला होता.

दुसऱ्याला १ मिमीचं, झाडाच्या सालीने कमावलेलं (व्हेज टॅन) चामडं लावलं आणि गुळगुळीत बाजू आत, पात्याकडे ठेवली. आता आठवड्यातून एकदा कोरडं फडकं आत फिरवलं की माती निघते. पात्यावर नवी रेघ नाही. याचा आणखी एक फायदा म्हणजे ते ओलं करून कात्रीच्या आकारावर दाबता येतं, आणि वाळलं की तो आकार धरून ठेवतं. क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं मऊ चामडं असं घडत नाही.

अस्तर चिकटवताना मात्र घाई करू नका. दोन्ही थर सपाट पाटावर चिकटवून मग घडी घातली, तर आतल्या बाजूला सुरकुत्या पडतात आणि नेमकं पात्याचं टोक त्यात अडकतं. बाहेरचा थर ३ मिमी आणि अस्तर १ मिमी असेल, तर दोन्हींच्या मध्यरेषांत २ मिमी अंतर पडतं. पूर्ण घडी म्हणजे अर्धवर्तुळ, म्हणून त्याचा हिशेब २ गुणिले ३.१४, जवळपास ६ मिमी होतो. तेवढं अस्तर आत जास्तीचं ठरतं. मी आधी एकच बाजू चिकटवली, मग कडेला जाड लाकडी दांडा ठेवून चामडं त्याभोवती वळवत वळवत उरलेलं अस्तर बसवलं. बाहेर आलेली कड रापीने (चामडं कापायच्या सुरीने) शेवटी कापली.

शिवण दोन सुयांची, म्हणजे दोन्हीकडून घातलेला धावदोरा. मशीनच्या टाक्यात एक दोरा तुटला की पुढचे टाके सैल होत जातात. यात दुसरा दोरा धरून राहतो. पहिल्या होल्स्टरचे टाके तरीही गेले, कारण पात्याची धार थेट दोऱ्यावर घासत होती. दुसऱ्यात दोन्ही बाजूंच्या मध्ये ३ मिमीची चामड्याची पट्टी घातली. धार आता त्या पट्टीला लागते, टाक्यापर्यंत पोहोचत नाही.

दोऱ्याचं मापही सांगतो. शिवणीच्या चौपट दोरा घ्या, असं सर्रास सांगतात. पातळ पाकिटाला ते ठीक आहे. इथे ४ अधिक ३ अधिक ४, अशी ११ मिमी जाडी आणि टाका ४ मिमीचा. प्रत्येक टाक्याला दोन्ही सुयांचे मिळून ३० मिमी जातात, म्हणजे साडेसातपट, वर सुया धरायला हातभर वेगळा. चौपटीवर विसंबलो आणि शेवट बराच दूर असताना दोरा संपला. सगळी शिवण काढून पुन्हा घातली, तीही त्याच भोकांतून.

आता तक्रारी. तोंडाकडची कड सुटायला लागली आहे. तिथे अस्तर आणि वरचं चामडं फक्त चिकटवलेलं आहे, आणि कात्री आत जाताना पहिला धक्का तिथेच बसतो. ती कड बाजू जोडण्याआधी, सपाट असतानाच शिवायला हवी होती. आता आत आरी (भोकं पाडायची टोचणी) नीट पोहोचत नाही. तळाशी पाणी जायला छोटी फट ठेवली, ते मात्र फार चांगलं झालं; पावसात भिजलेलं होल्स्टर सावलीत उलटं टांगलं की एका दिवसात वाळतं.

एकदा ओली कात्री रात्रभर आतच राहिली. सकाळी पात्यावर तपकिरी ठिपके होते आणि अस्तरावर पात्याच्या आकाराचा निळसर काळा डाग. कमावणीतलं टॅनिन (सालीतला तुरट अंश) आणि लोखंड ओलीत एकत्र आलं की चामड्यावर हा रंग चढतो. ठिपके घासून गेले, डाग पाच महिन्यांनंतरही तसाच आहे. तेव्हापासून कात्री पुसून, तेलाचा हात फिरवून खिळ्याला टांगतो आणि होल्स्टर शेजारी रिकामं ठेवतो.

तोंडाची कड वाकड्या सुईने शिवून बघणार आहे.