मेसियाँचा सीडी-संच: दिवाळी ते पावसाळा

ओलिव्हिए मेसियाँ (१९०८–१९९२) या फ्रेंच संगीतकाराच्या रचनांचा हा भलामोठा संच मी दिवाळीत जुना विकत घेतला. मी हौसेने तबला शिकतो. या माणसाने शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’तले ताल वापरलेत, एवढंच ठाऊक होतं. तेराव्या शतकात आपल्या देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या दरबारी लिहिलेला हा ग्रंथ. त्यातली १२० देशी तालांची यादी मेसियाँला एका फ्रेंच संगीतकोशात सापडली. पुण्यातला तबल्याचा विद्यार्थी हे वाचून पाकिटाला हात घालणारच.

पण फक्त तालांसाठी घेणार असाल तर थांबा. यात ठेका नाही, टाळी-खाली नाही, समेवर येणं तर नाहीच. मेसियाँने तालातला फक्त लघु-गुरूंचा लांबी-आखूडपणा उचलला आणि बाकी सगळं सोडून दिलं. ‘तुरंगलीला’ हे शार्ङ्गदेवाच्या यादीतलंच नाव घेतलेली त्याची दहा भागांची सिंफनी (१९४९ साली बॉस्टनला वाद्यवृंद-संचालक बर्नस्टाइनने प्रथम सादर केली) मी मोठ्या आशेने लावली आणि पहिल्या खेपेला डोक्यावरून गेली. ओंद मार्तेनो नावाच्या विजेवरच्या वाद्याचा त्यातला हुंकार अजूनही मला अंमळ बटबटीत वाटतो.

संच वसूल झाला तो ‘काळाच्या अंतासाठी’ या क्वार्टेटमुळे. क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो आणि पियानो. जर्मनांच्या कैदेत असताना ग्योर्लिट्झच्या छावणीत मेसियाँने तो पुरा केला आणि १५ जानेवारी १९४१ रोजी कैदी नि पहारेकऱ्यांसमोर तिथेच वाजवला. चेलोला तीनच तारा होत्या असं मेसियाँ पुढे सांगत असे. चेलो वाजवणारे पास्किए मात्र चार होत्या म्हणत. मी वाजवणाऱ्यावर विश्वास ठेवतो.

या क्वार्टेटच्या पहिल्या भागात पियानोच्या लयीचा आराखडा १७ स्वरमूल्यांचा, म्हणजे स्वर किती लांबवायचा त्या मापांचा, आहे. रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश हे तीन ताल जोडून केलेला. त्यावर फिरणारे स्वरसमूह (एकदम वाजणारे स्वर) मात्र २९. दोन्ही आवर्तनं एकाच वेळी सुरू होतात, पण पुन्हा एकत्र सुरू व्हायला ४९३ स्वरसमूह जावे लागतात, आणि भाग तर तीनेक मिनिटांत आटोपतो. म्हणजे सम आहे, पण ती यायच्या आत मैफल उठते! हे कागदावर मांडल्यावर मी तो भाग परत परत ऐकला. गुरुजींनाही ऐकवला. ते म्हणाले, “हिशेब पक्का आहे बुवा, पण मांडीवर हात कुठे मारायचा?” प्रश्न रास्त आहे. सहाव्या भागात चारही वाद्यं सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच ओळ वाजवतात. तिथे गुरुजींची मान हलली.

सर्वांत जास्त वापर झाला तो पक्ष्यांच्या सीडींचा. मेसियाँ वही घेऊन रानात बसायचा आणि पक्ष्यांचं गाणं स्वरलिपीत उतरवायचा. वाद्यांना झेपावं म्हणून ते संथ करायचा, खालच्या सप्तकात आणायचा. १९५६ ते ५८ या काळात त्याने पियानोसाठी तेरा तुकड्यांची ‘पक्ष्यांची सूची’ लिहिली. त्यातला तळ्याकाठचा तुकडा अर्ध्या तासाचा आहे. चैत्रात आमच्या सोसायटीच्या टाकीवर दयाळ पहाटे जे काही गातो, त्यातले विराम या सीडींमुळे मला ऐकू यायला लागले. तळजाईला फिरायला जाताना आता कानात काही घालत नाही.

ऑर्गनच्या सीडी फारशा वाजल्या नाहीत. १९३१ पासून मरेपर्यंत मेसियाँ पॅरिसच्या त्रिनिते चर्चचा ऑर्गनवादक होता, त्यामुळे हा भाग मोठा आहे. पण दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तो खर्ज उमटत नाही आणि आवाज वाढवला तर खालच्या काकू बेल वाजवतात. हेडफोनवर निम्मी मजा.

व्यवहाराचं बोलायचं तर आजकालच्या लॅपटॉपला सीडीचा कप्पा नसतो, बाहेरचा ड्राइव्ह वेगळा घ्यावा लागला. पातळ पुठ्ठ्याच्या पाकिटातून सीडी काढताना ओरखडे पडतात. पुस्तिकेची अक्षरं चाळिशी लागलेल्यांसाठी नाहीत. आणि खोकं आमच्या पुस्तकांच्या कपाटात मावत नाही.

शास्त्रीय संगीताचा कान असेल, पण पाश्चात्त्य संगीताची सवय नसेल, तर आधी क्वार्टेटचा पाचवा भाग कुठेतरी ऐका. फक्त चेलो आणि पियानो, विलंबित आवडणाऱ्यांना परका वाटणार नाही. तो भिडला तरच खर्च करा. संत फ्रान्सिसवरचा चार तासांचा ऑपेरा (१९८३) मी अजून उघडलेला नाही, त्यामुळे त्याबद्दल विचारू नका.